पाणबुड्याची नोंद आणि मच्छीमाराचे नाव

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपले नाव आणि एप्रिल १८१९ ही तिथी कोरून ठेवली आहे. तो मद्रास इलाख्याच्या घोडदळातला. वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या घळीत आला होता. तो उभा राहिला तेव्हा लेण्यात मातीचा आणि दगडांचा थर इतका साचलेला होता की, त्याची सही आज उभ्या माणसाच्या हातालाही सहज लागत नाही. लेण्यांचा ‘शोध’ ह्या सहीपासून मोजण्याची प्रथा पडली. घळीच्या आसपास राहणाऱ्या, गुरे चारणाऱ्या आणि लाकूडफाटा गोळा करणाऱ्या लोकांना ही लेणी ठाऊक नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याजवळ ज्ञान होते, तिथी आणि सही नव्हती. आणि विद्येच्या व्यवहारात ज्ञानापेक्षा नोंदीला अग्रमान मिळतो. स्मिथ हा पुरातत्त्वज्ञ नव्हता, पेशाने सैनिक आणि त्या दिवसापुरता हौशी शिकारी होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तज्ज्ञाच्या आधी पोहोचणारा हौशी मनुष्य, त्याच्याही आधीपासून तेथे असलेला स्थानिक मनुष्य, आणि ह्या दोहोंपैकी कोणाची साक्ष कागदावर उतरते हा प्रश्न, अशी ही त्रिपदी आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय समुद्राचा आहे. परंतु तेथेही प्रश्न हाच असल्यामुळे आमच्या पठाराच्या दाराशी असलेल्या ह्या उदाहरणापासून आरंभ केला. गेल्या तीनएक दशकांत जगभर अशी एक पद्धती रूढ झाली आहे की, हौसेने समुद्रात बुडी मारणाऱ्या लोकांनी पाण्याखाली दिसलेल्या प्राण्यांची ठरावीक रीतीने नोंद करावी आणि त्या नोंदींवरून संकटग्रस्त जातींची स्थिती अभ्यासकांनी ताडून पाहावी. कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः मालवण–तारकर्लीच्या परिसरात, बुडीचा व्यवसाय वाढला तसा ह्या पद्धतीचा पुरस्कारही होऊ लागला. तिचे शास्त्रीय मूल्य ठरविणे हा जीवशास्त्रज्ञांचा अधिकार आहे. परंतु नोंद ही अखेरीस एक भाषिक कृती आहे. ‘अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक प्राणी, इतके’ असे ते एक विधान असते. आणि त्या विधानातील ‘अमुक प्राणी’ हे पद कोणाच्या भाषेतून येते, हे पाहणे भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचे नाही.

प्रथम ह्या पद्धतीच्या नावाचाच विचार करू. इंग्रजीत तिला ‘सिटिझन सायन्स’ म्हणतात आणि मराठीत त्याचे ‘नागरिक विज्ञान’ असे शब्दशः भाषांतर वापरले जाऊ लागले आहे. मूळ संज्ञा सुमारे एकाच वेळी दोन ठिकाणी दोन अर्थांनी निर्माण झाली, ही गोष्ट मात्र भाषांतरात हरवली. १९९५ मध्ये ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ ॲलन अर्विन ह्यांनी ती वापरली, तेव्हा त्यांच्या मनात असे विज्ञान होते की जे नागरिकांच्या गरजांना उत्तर देते आणि त्यांच्या अनुभवजन्य ज्ञानालाही ज्ञानाचा दर्जा देते. त्याच सुमारास अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेतील रिक बॉनी ह्यांनी तीच संज्ञा वापरली, ती सामान्य लोकांनी शास्त्रज्ञांसाठी माहिती गोळा करावी ह्या अर्थाने. पहिल्या अर्थात नागरिक हा ज्ञाता आहे, दुसऱ्यात तो हरकाम्या आहे. आपल्याकडे संज्ञा आली ती बहुतांशी दुसऱ्या अर्थाने, आणि पहिल्या अर्थाची प्रतिष्ठा मिरवीत आली.

त्यात मराठीतील ‘नागरिक’ ह्या शब्दाची स्वतःची एक अडचण आहे. आज तो राज्यघटनेच्या अर्थाने स्थिर झाला असला, तरी त्याच्या पोटात ‘नगर’ आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील नागरक हा सवड असलेला, रसिक, शहरवासी पुरुष आहे. पर्यटनाच्या मोसमात पुण्या-मुंबईहून तारकर्लीला जाणारा हौशी पाणबुडा ह्या जुन्या अर्थाने नागरक खराच. किनाऱ्यावरचा मच्छीमार मात्र अहवालांच्या भाषेत क्वचितच ‘नागरिक’ असतो. तो असतो ‘स्थानिक’. ‘नागरिक’ माहिती देतात, ‘स्थानिकां’मध्ये जागृती करावयाची असते. ही शब्दयोजना कोणी बुद्धिपुरस्सर केली असे मी म्हणत नाही. पण भाषेतील असे विभाग नकळत होतात म्हणूनच ते टिकतात. ‘लोकविज्ञान’ हा शब्द अधिक मोकळा वाटतो, परंतु तो विज्ञानप्रसाराच्या चळवळीने आधीच व्यापला आहे. ‘लोकनोंद’ असा साधा शब्द चालावा असे माझे मत आहे. त्यात विज्ञानाचा आव नाही आणि काम नेमके कोणते तेही कळते.

आता नोंदीकडे वळू. अमेरिकेतील ‘रीफ’ ह्या संस्थेने १९९३ पासून हौशी पाणबुड्यांकरवी माशांची गणना चालविली आहे. तिची रीत भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. पाणबुडा मोकळेपणाने पोहत जातो, ओळखता आलेली प्रत्येक जात पाटीवर लिहितो आणि संख्येऐवजी चार शब्दांपैकी एक शब्द निवडतो. मराठीत ते शब्द असे सांगता येतील: एक, थोडे, म्हणजे दोन ते दहा, पुष्कळ, म्हणजे अकरा ते शंभर, विपुल, म्हणजे शंभराहून अधिक. व्यवहारातील ढिल्या परिमाणवाचकांना येथे कुंपण घातले आहे. ‘थोडे’ म्हणजे किती, हा प्रश्न बोलीत कधी सुटत नाही, कारण तो सुटण्याची गरज नसते. थोडे मीठ आणि थोडी माणसे ह्यांतील ‘थोडे’ संदर्भाने ठरते. ‘रीफ’ने संदर्भ गोठविला आणि शब्दाला अंक जोडला. एका पाणबुड्याची मोजणी चुकली तरी तो सहसा एकाच पायरीने चुकतो, आणि हजारो बुड्यांच्या बेरजेत अशा चुका पुष्कळशा विरून जातात. नवख्या माणसाकडून काढून घेता येईल इतकेच मागायचे, हे ह्या रीतीचे शहाणपण आहे. मासळीबाजारातही अशीच गोठविलेली परिमाणे आहेत. कोळीण ‘वाटा’ लावते तेव्हा वाट्यात नेमके किती नग, हे कोणी विचारीत नाही, तरी वाट्याचे माप त्या दिवशीच्या बाजारात सर्वांना ठाऊक असते. मोजण्याची कला किनाऱ्याला परकी नाही, इतकेच मला येथे सुचवायचे आहे.

ह्या पद्धतीचे फळ नाकारण्याचा माझा मुळीच हेतू नाही. टास्मानियात सुरू झालेल्या ‘रीफ लाइफ सर्व्हे’ ह्या उपक्रमात प्रशिक्षित हौशी पाणबुडे शास्त्रज्ञांबरोबर मोजणी करतात. त्यांच्या आणि इतर संस्थांच्या मोजण्या एकत्र करून २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाभोवतीच्या उथळ खडकाळ समुद्रातील १,०५७ जातींच्या दशकभरातील चढउतारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पगारी शास्त्रज्ञांच्या तुटपुंज्या संख्येवर असे काम कधीच उभे राहिले नसते. दोषही परिचित आहेत: पाणबुडा जेथे पाणी स्वच्छ आणि होडी सोयीची तेथेच उतरतो, रंगीत आणि मोठा प्राणी आधी पाहतो, आणि काही दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असे लिहिण्याचा त्याला कंटाळा येतो. जीवशास्त्रज्ञ ह्या दोषांची चर्चा करतात. तीत भर घालण्याजोगे माझ्यापाशी काही नाही. ज्याची चर्चा होत नाही, तो दोष नावाचा आहे.

पाटीवर ‘जात’ लिहायची म्हणजे नाव लिहायचे. हे नाव येते कोठून? लॅटिन द्विपद नावे सर्व भाषांपासून समान अंतरावर आहेत, अशी आपली समजूत असते. इतिहास तसे सांगत नाही. पॅट्रिक रसेल ह्यांनी विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या दोनशे माशांची वर्णने आणि चित्रे १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यांत तेलुगू नावे दिलेली होती. त्यांपैकी एक ‘कनगुर्ता’. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए ह्यांनी १८१६ मध्ये तेच शास्त्रीय नावात घेतले. आज त्या माशाचे नाव रास्ट्रेलिगर कनगुर्ता असे आहे. हा म्हणजे आपला बांगडा. बोंबलाच्या शास्त्रीय नावातील ‘नेहेरियस’ हे उत्तरपद गंगेच्या मुखाकडील बोलीतून हॅमिल्टन ह्यांनी १८२२ मध्ये उचलले. १८६६ मध्ये रिचर्ड ओवेन ह्यांनी वॉल्टर इलियट ह्यांनी विशाखापट्टणला मिळविलेल्या एका डॉल्फिनला ‘डेल्फिनस गदमू’ असे नाव दिले, तेही तेथील लोकांच्या तोंडच्या नावावरून. पुढे हा प्राणी आधीच नाव मिळालेल्या जातीत समाविष्ट झाला आणि ‘गदमू’ समानार्थी नामांच्या यादीत जाऊन पडले. तात्पर्य, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा साहेब संग्राहक निदान मच्छीमाराला नाव विचारीत तरी होता आणि ते लिहून ठेवीत होता. आजच्या नोंदपत्रकात त्यासाठी रकाना नसतो. जे वसाहतकाळात घडले ते स्वातंत्र्योत्तर काळात घडू नये, ही गोष्ट विचित्र आहे खरी.

मालवणची परिस्थिती ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटरचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, त्यांपैकी ३.१८ चौरस किलोमीटर हा गाभ्याचा भाग. खडकांवर प्रवाळ आहेत, आणि कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाचे प्रशिक्षण केंद्र उभारले. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि समुद्र खवळलेला. म्हणून बुडीचा मोसम साधारण ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत. येथवर सर्व काही परदेशातील नमुन्याशी जुळते. परंतु पाण्यात उतरणाऱ्या माणसाकडे पाहिले की नमुना मोडतो.

अमेरिकेतील वा ऑस्ट्रेलियातील हौशी पाणबुडा शेकडो बुड्या मारलेला, जाती पाठ असलेला मनुष्य असतो. मालवणला बुडी मारणारा बहुसंख्य पर्यटक आयुष्यात प्रथमच पाण्याखाली जात असतो. पुष्कळांना पोहताही येत नाही. वाटाड्याने त्याला धरलेले असते, पंधरा-वीस मिनिटांत तो वर येतो, आणि एवढ्या वेळात स्वतःचा श्वास आणि छायाचित्रकार ह्यांपलीकडे त्याचे लक्ष फारसे जात नाही. अशा माणसाकडून संकटग्रस्त जातींच्या नोंदीची अपेक्षा करणे म्हणजे पहिल्याच दिवशी विमानात बसलेल्या उतारूला हवामानाचा अहवाल मागण्यासारखे आहे. त्याच्या बाजूला असणारा वाटाड्या मात्र मोसमभर, दिवसातून कित्येकदा, त्याच खडकापाशी उतरतो. कोणत्या कपारीत कोणता मासा बसतो, कासव कोणत्या पाण्यात येते, गेल्या वर्षी काय होते आणि ह्या वर्षी काय नाही, हे त्याला ठाऊक असते. निरीक्षणाची पहिली अट पुनरावृत्ती ही होय, आणि ती येथे हौशी माणसाजवळ नसून पोटासाठी बुडणाऱ्याजवळ आहे. हे वाटाडे बहुधा मच्छीमार कुटुंबांतलेच तरुण आहेत. म्हणजे त्यांच्या पाठीशी एका पिढीचे नव्हे, अनेक पिढ्यांचे निरीक्षण आहे. ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ हा भेद आपण नाट्यव्यवहारातून आणून सर्वत्र लावतो. येथे तो उलटा लागू पडतो.

ह्या तरुणाच्या मुखातील नावे मालवणी आहेत. सुरमई त्याच्या घरी इसवण असते. मुंबई-ठाण्याकडे जिला मुशी म्हणतात तिला तो मोरी म्हणतो. मुंबईचा हेकरू त्याच्याकडे गोबरा होतो. पर्यटकाशी बोलताना तो ‘शार्क’, ‘ग्रुपर’, ‘टर्टल’ असे शब्द वापरतो, कारण गिऱ्हाइकाला तेच कळतात. पर्यटक तेच शब्द नोंदीत उतरवितो. मधल्या ह्या भाषांतरात जे गळते त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ‘ग्रुपर’ ह्या शब्दाने एक मोठे कूळ दर्शविले जाते. ‘गोबरा’ ह्या शब्दाने त्या विशिष्ट बंदरातल्या माणसाच्या मनात काय उभे राहते, हे आपण विचारलेलेच नाही, मग दोन्ही सारखे आहेत असे समजून एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला?

येथे जीवशास्त्राचे अभ्यासक एक आक्षेप घेतील, आणि तो पोकळ नाही. लोकनामे संदिग्ध असतात; एका नावाखाली अनेक जाती आणि एका जातीला अनेक नावे असा गोंधळ असतो; म्हणून ती शास्त्राच्या कामाची नाहीत. बर्लिन, ब्रीडलव्ह आणि रेव्हन ह्यांनी लोकवर्गीकरणाची सामान्य तत्त्वे १९७३ मध्ये मांडली, तेव्हापासून ह्या आक्षेपाचे स्वरूप पालटले आहे. लोकांच्या वर्गीकरणात एक पातळी अशी असते की जेथील नावे लहान, अखंड आणि नेहमीच्या वापरातली असतात, आणि ती पातळी शास्त्रातील प्रजाती वा जाती ह्यांच्याशी पुष्कळ वेळा जुळते. ती सर्वत्र जुळत नाही. न जुळण्यालाही कारण असते. मराठीचेच पाहा. कोळंबी, करंदी, जवळा, सोडे, सुकट ही सारी एका गटाभोवतीची नावे. त्यांतील काही आकाराने पडली, काही प्रक्रियेने. सोडे हा काही जिवंत प्राणी नव्हे, सोललेली सुकी कोळंबी होय. म्हणून हे वर्गीकरण स्वयंपाकघराचे आहे असे म्हणून ते बाजूला सारावे, तर जवळा ही प्राणिशास्त्रातही कोळंबीहून वेगळी प्रजाती ठरते. स्वयंपाकघराने जेथे रेघ ओढली तेथे निसर्गातही रेघ होती. उलट मोरी ह्या एका नावाखाली शार्कांच्या अनेक जाती येतात. कासवाचे तसेच. जेथे उपयोगात भेद तेथे नावात भेद. जेथे उपयोग एक वा नाहीच, तेथे एक नाव पुरते.

परिणाम काय होतो ते कासवावरून दिसेल. भारताच्या समुद्रात पाच जातींची कासवे येतात. मालवणच्या पाण्यात पोहणारे कासव हिरवे कासव आहे की चोचीचे कासव, हे पाहिल्याबरोबर कळत नाही. कपाळावर डोळ्यांच्या मधे खवल्यांची एक जोडी असली तर हिरवे, दोन जोड्या असल्या तर चोचीचे. चोचीचे कासव जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे, तर हिरवे कासव २०२५ च्या ऑक्टोबरात त्याच यादीत संकटमुक्त वर्गात गेले. पाण्याखालच्या नोंदीत ‘टर्टल’ असे लिहिणारा पर्यटक आणि ‘कासव’ असे सांगणारा वाटाड्या हे दोघेही येथे सारखेच अपुरे आहेत, हे मान्य केले पाहिजे. लोकनामांचा कैवार घेताना ह्या मर्यादेवर पांघरूण घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. फरक इतकाच की, पर्यटकाला खवल्यांची जोडी शिकविली तर ती विद्या त्याच्याबरोबर पुण्याला जाते. वाटाड्याला शिकविली तर ती दुसऱ्या दिवशी त्याच खडकापाशी परत उतरते.

नावाचा आणखी एक प्रकार ह्या क्षेत्रात वाढत आहे, आणि व्याकरणाच्या दृष्टीने तो मनोरंजक आहे. सामान्यनामाऐवजी विशेषनाम. व्हेल शार्कच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक प्राण्यात निराळी असते. आकाशातील ताऱ्यांच्या नकाशांची तुलना करण्यासाठी ज्योतिर्विदांनी बसविलेली गणिती रीत २००५ मध्ये ह्या ठिपक्यांना लावण्यात आली, आणि तेव्हापासून कोणत्याही पाणबुड्याने काढलेल्या छायाचित्रावरून तो प्राणी पूर्वी कोठे दिसला होता हे सांगता येऊ लागले. येथे नोंद करणाऱ्याला नाव ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. प्राणी आपले नाव अंगावर घेऊन हिंडतो. कासवांच्या बाबतीत ते नाव माणसाने दिलेले असते. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविले, तिला ‘प्रथमा’ म्हटले गेले. २०२१ मध्ये ओडिशात धातूचा बिल्ला लावलेली, ०३२३३ ह्या क्रमांकाची मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरील कासव पश्चिम किनाऱ्यावर विणीला येते, हे त्या पाच अंकांमुळे कळले. ते अंक वाळूत बसून वाचणारे डोळे किनाऱ्यावरच्या माणसांचे होते. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ह्या संस्थेने गावकऱ्यांसह घरटी राखण्याचे काम चालविले नसते, तर असे डोळे त्या किनाऱ्यावर तयार झाले नसते.

नाव बदलल्याने वागणूक बदलते काय, ह्याचे एक उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. तेथे व्हेल शार्कची शिकार होत असे, आणि पिंपे बांधून तिला दमविण्याच्या रीतीवरून तिला ‘बॅरल’ म्हणत. २००१ मध्ये कायद्याने ती संरक्षित झाली. २००४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत मोरारीबापूंनी तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हटले आणि माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या लेकीशी तिची तुलना केली. मच्छीमार पुढे जाळी कापून तिला सोडू लागले. केवळ शब्दाने हे घडले असे मानण्याइतका मी शब्दांचा भोळा भक्त नाही. कायदा होता, जाळ्याची भरपाई होती. पण नावाची निवड करणाऱ्यांनी ते गुजरातीतून निवडले, यादीतून नव्हे, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्रातही २०१८ च्या अखेरीपासून, जाळ्यात सापडलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून त्याने छायाचित्रे द्यावयाची असतात. माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरील सर्वांत महत्त्वाची लोकनोंद ही आहे, आणि तिला कोणी ‘नागरिक विज्ञान’ म्हणत नाही. येथे साक्षीदार रोज समुद्रात असतो, पाणबुडा जेथे पोहोचत नाही अशा खोल आणि गढूळ पाण्यातही असतो, आणि त्याच्या विधानाला छायाचित्राचा आधार असतो. त्या छायाचित्राखाली मच्छीमाराने सांगितलेले नाव, त्याच्याच उच्चारात, लिहून घेतले तर काही वर्षांत मोरी, मुशी, पाकट ह्या शब्दांच्या अर्थकक्षा आपल्याला सप्रमाण आखता येतील. कोशकारांना हे कधी साधले नाही. मोल्सवर्थच्या कोशापासून आजवर माशांच्या नावापुढे ‘एक प्रकारचा मासा’ एवढेच लिहून पुढे जाण्याची सवय आपल्या कोशांना आहे.

ह्या सर्व प्रश्नाला एक टोचणारी बाजू आहे. अभयारण्याच्या घोषणेला मालवणच्या मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला. आपला समुद्र आपल्याला बंद होईल, ही भीती त्यामागे होती. अशा ठिकाणी ‘येथे संकटग्रस्त प्राणी आहे’ हे विधान केवळ माहिती राहत नाही. पर्यटकाच्या दृष्टीने ती आठवण आहे, अभ्यासकाच्या दृष्टीने आधारसामग्री, आणि मच्छीमाराच्या दृष्टीने कदाचित उद्याच्या मनाईचा पुरावा. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, शार्क आणि पाकटांच्या आणखी अनेक जाती अनुसूचींत गेल्या. त्या तेथे इंग्रजी आणि लॅटिन नावांनी आहेत. जाळ्यात आलेल्या मोऱ्यांपैकी कोणती घरी न्यावी आणि कोणती नेल्यास शिक्षा होईल, हे मच्छीमाराने त्याला न येणाऱ्या दोन भाषांतून समजून घ्यावे, अशी अपेक्षा आहे. अशा स्थितीत जाणकार मनुष्य नाव सांगण्याचे टाळू लागला तर त्याला अज्ञान म्हणता येणार नाही. त्याचे मौन ही नोंदपत्रकात न दिसणारी, पण सर्वांत मोठी उणीव ठरेल. तो ज्या नावाने बोलतो त्या नावाला कायद्यात आणि नोंदीत जागा मिळाल्याशिवाय, आणि त्याच्या नोंदीचा उपयोग कशासाठी होणार हे त्याला त्याच्या भाषेत आधी सांगितल्याशिवाय, ही उणीव भरून निघेल असे वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पाणबुड्याशिवाय होणार नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राच्या पोटात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला मिळाले आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरहून खोल, आणि त्यावर प्रवाळ. तेथे काय आहे ते खाली उतरणाराच सांगू शकतो. तेथील प्राण्यांना किनाऱ्यावर नावे असतीलच असे नाही, आणि नसतील तेथे ती बनवावी लागतील. परिभाषा घडविणाऱ्यांनी ती संस्कृत धातूंपासून घडविण्यापूर्वी मालवण, देवगड आणि विजयदुर्ग येथील माणसांना छायाचित्रे दाखवून ‘ह्याला काय म्हणाल’ एवढे विचारावे. बोलणारा समाज नवे नाव फार लवकर देतो आणि ते बहुधा अधिक टिकते.

मराठी विभागांना करता येण्याजोगे काम लहान आहे. एक पत्रक, सात रकान्यांचे: छायाचित्राचा क्रमांक, सांगितलेले नाव, उच्चारानुसार, सांगणाऱ्याचे बंदर, तो समुद्रात जातो, बाजारात बसतो की पर्यटकांना बुडवितो, हा प्राणी शेवटचा केव्हा पाहिला, पूर्वी अधिक दिसे काय, आणि हाच प्राणी लहानपणी वेगळ्या नावाने ओळखला जाई काय. सहावा रकाना जीवशास्त्रज्ञांच्या उपयोगाचा, सातवा आपल्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, बुडीचा धंदाही तेव्हा बंद असतो. होड्या शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, आणि माणसे घरी असतात. विद्यापीठांचे नवे सत्र त्याच सुमारास सुरू होते.